सोमवारची वाफ

माझ्या पहिल्या साहेबांचं जिवंत प्राण्यांशी वाकडं होतं. कधी कुत्रं चावलं होतं अशातला भाग नाही, हे वाकडं तत्त्वाचं होतं. दगड, पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास. जीव असलेलं काहीही कामाच्या आसपास फिरकलं की कपाळाला आठी. "संशोधनात जीव शिरला की संशोधनाचा जीव जातो," हे त्यांचं वाक्य आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. मला तर ते चहाच्याही आधी मिळालं.

ही एकोणीसशे सत्तरनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी सांगलीचा, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला आणि त्यामुळे स्वतःला जरुरीपेक्षा जास्त शहाणा समजणारा. राग नाकाच्या शेंड्यावर. आमच्या ऑफिसचं काम तसं साधं होतं. जिल्ह्यात ठिकठिकाणी पाऊस किती पडला, ऊन किती तापलं, उघड्या पाण्याची दिवसाला किती वाफ झाली, याचे आकडे गोळा करायचे. त्या वाफेच्या आकड्यांवरून धरणांतलं किती पाणी नुसतं उन्हानं उडून जातं, यावर साहेब एक मोठा निबंध लिहीत होते. त्यापायी ते संध्याकाळी सातच्या आत कधी घरी जात नसत. त्यांच्या बाईंनी डब्याऐवजी अंथरूणच पाठवावं, असं आम्ही मागे बोलत असू.

जिवांनी शास्त्राचं कायकाय नुकसान केलं, याची यादी साहेबांना तोंडपाठ होती. पर्जन्यमापकात चिमणीनं घरटं केलं आणि त्या गावात भर आषाढात दुष्काळ दिसला. जमीन मोजणाऱ्यांनी खुणेच्या लाकडी खुंट्या ठोकल्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. आणि त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट पाटणच्या वरच्या अंगाची. तिथं कुणीतरी भूकंप नोंदवायचं यंत्र एका खोपटात ठेवलं होतं. त्यावर रोज दिवस मावळायच्या वेळी न चुकता हादरा उमटायचा. मोठमोठी डोकी खाजवून झाली. शेवटी कळलं की रानातून परतणारी एक म्हैस रोज त्या खोपटाच्या भिंतीला अंग घासते. साहेब ही गोष्ट सांगताना हसत नसत. त्यांच्या लेखी ती शोकांतिका होती.

आमचंही एक केंद्र पाटणच्या खालच्या बाजूला, नदीकाठच्या एका गावाबाहेर होतं. पत्र्याचं छप्पर असलेली खोली, तारेचं कुंपण आणि कुंपणात लाकडी चौकटीवर ठेवलेली चार फूट रुंद, वीतभर खोल अशी गोल परात. गाव तिला 'सरकारची परात' म्हणायचं. परातीत एका बाजूला एक उभी नळी होती आणि नळीच्या आत वर टोक केलेली पितळी सुई. रोज सकाळी साडेआठला, पाणी सुईच्या टोकाला टेकेपर्यंत मापानं ओतायचं. जेवढं ओतावं लागलं, तेवढी कालपासून वाफ झाली. यात अक्कल फारशी लागत नाही. डोळा मात्र लागतो, कारण पाणी टोकाला टेकलं तो क्षण गाठावा लागतो.

हे काम करायला होते फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार. उंच, ताठ, मिशांना पीळ. मी गेलो की खाकी सदरा घालून सावधान उभे राहायचे आणि म्हणायचे, "रिपोर्ट ठीक है साब." त्यांच्या बायकोला सगळं गाव हवालदारीण म्हणायचं. ती बुटकी, तुरुतुरु चालणारी, तोंडानं फटकळ. मी पोहोचायचो अकराच्या सुमाराला, कारण साताऱ्याची पहिली गाडीच तेव्हा यायची. तोवर नोंद झालेली असायची. वहीत टपोरे आकडे मांडलेले असायचे. वर्षागणिक ते आकडे आणखी टपोरे होत चालले होते, इतके की आता चौकटीत मावत नव्हते. म्हाताऱ्याला स्वतःच्या अक्षराचा गर्व चढलाय, असं माझं निदान होतं.

त्या उन्हाळ्यात साहेबांना सोमवार सापडला. या केंद्रावर दर सोमवारी वाफ जास्त व्हायची, इतर दिवसांच्या दीडपट. सूर्य काय सोमवारचा उपास धरून जास्त तापतो का? वारा तोच, ऊन तेच. साहेब दोन दिवस जेवले नाहीत. मग एकाएकी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सोमवारी पाटणचा बाजार. त्या वाटेनं जनावरं विकायला जातात. जनावरं परातीतलं पाणी पितात.

"म्हैस!" साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जुना वैरी भेटल्याचा आनंद होता.

हवालदारांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायला सांगितलं. त्यांनी ते असं घातलं की मलाच आत जाताना विजार फाडून घ्यावी लागली. पण सोमवार काही हटेना. तेव्हा साहेब आणि मी रविवारीच पाटणला मुक्काम करून सोमवारी उजाडताच तिथं दबा धरून बसलो, पन्नास पावलांवरच्या एका जांभळीखाली. साहेबांच्या डोळ्याला दुर्बीण, माझ्या हातात वही. बाजाराला जाणाऱ्या म्हशी गेल्या, बैल गेले, एक शेळी थांबून आमच्याकडंच बघत राहिली. परातीकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. आठच्या पुढं एक कावळा परातीच्या काठावर बसला.

"लिहा," साहेब कुजबुजले. "एक चोच. दोन. तीन."

मी चोची लिहिल्या. सतरा चोचींनंतर कावळा उडाला आणि शेजारच्या बोरीवर बसला. साहेबांची दुर्बीण त्याच्यावरच खिळली. त्याच वेळी खोलीतून हवालदार आले, त्यांनी पाणी ओतलं, वहीत लिहिलं. तिकडं आम्ही पाहिलंच नाही. आम्ही शास्त्र करत होतो, कावळ्याचं.

नंतर वही बघितली तर आकडा नेहमीसारखाच, दीडपट. एवढं पाणी त्या कावळ्यानं प्यायचं तर तो हत्तीएवढा हवा होता. साहेबांचा चेहरा उतरला आणि मग ते चिडले. म्हैस नाही, कावळा नाही, म्हणजे उरला माणूस. ते हवालदारांना म्हणाले, "तुम्ही आकडे खोलीत बसून अंदाजानं लिहिता. पंधरा दिवसांत सोमवार सुधारला नाही तर परात उचलून नेईन आणि तुम्हाला घरी बसवीन. कारण काय, तेही कागदावर लिहीन."

हवालदार सावधान उभे होते. मिशीसुद्धा हलली नाही.

"आकडा खोटा न्हाई साहेब," एवढंच ते म्हणाले.

परात गेली असती तरी त्यांचं पोट भरलं असतं. पेन्शन होती, थोडा ऊसही होता. पण ज्या माणसानं दोन लढाया पाहिल्या त्याच्याबद्दल गावात एवढंच उरलं असतं की सरकारनं ह्याला खोटं लिहिताना धरलं. हे मला समजत होतं. तरी मी परत येताना गाडीत साहेबांना म्हणालो, "मला आधीपासून संशय होताच." साहेबांपुढं शहाणं दिसायची एवढी हौस! त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या शनिवारी मी सांगलीला घरी गेलो, तो वह्या घेऊनच. माझी थोरली बहीण प्राणिशास्त्र शिकवायची. तिच्या शास्त्राला मी बेडकांची शाळा म्हणायचो आणि ती माझ्या शास्त्राला घड्याळजीचं दुकान. तिनं वही घेतली, पोहे खात खात दोन पानं उलटली आणि विचारलं, "मंगळवार का रे कमी?"

"कुठला मंगळवार?"

"सगळेच. सोमवारी जास्त पाणी घालावं लागतं आणि मंगळवारी निम्मंच. अरे शहाण्या, म्हैस पाणी पिते. प्यायलेलं पाणी दुसऱ्या दिवशी परत आणून ओतत नाही."

मी वही ओढून घेतली. प्रत्येक आठवड्यात तेच होतं. सोमवारी कुणी पाणी पीत नव्हतं. सोमवारी पाणी गरजेपेक्षा जास्त ओतलं जात होतं, म्हणून मंगळवारी कमी लागत होतं. दोन महिने मी आणि साहेब ह्या वहीवर डोळे फोडत होतो, पण सोमवारच्या पलीकडं नजर गेली नव्हती.

"तुमच्या शास्त्रात जीव नसतो म्हणे," ताई म्हणाली. "मग सुई बघतो कोण? शेवटी सगळं कुणाच्या तरी बुबुळातूनच जातं ना?"

मी रागानं पोहे तसेच ठेवले. पण रविवारी सांगलीहून निघालो तो थेट पाटणला, साहेबांना न सांगता.

सोमवारी साडेआठला मी परातीपासून दहा पावलांवर उभा होतो. मी येणार हे हवालदारांना ठाऊक नव्हतं. ते खोलीतून आले, वाकले, पाणी ओतू लागले. मी पाय न वाजवता जवळ जाऊन नळीत डोकावलो. पाणी टोकाला टेकलं. हवालदार ओततच राहिले. सुई बुडाली, तरी ओतताहेत. माझं डोकं फिरलं.

"थांबा!" मी ओरडलो. "सुई बुडालेली दिसत नाही का?"

मी ते रागावून म्हटलं होतं. त्यांनी मात्र ते प्रश्न म्हणून घेतलं. सरळ उभे राहिले आणि माझ्या आवाजाच्या रोखानं, पण माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "न्हाई साहेब. न्हाई दिसत."

मग मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय आली होती. ते टपोरे आकडे गर्वाचे नव्हते. त्यांना त्याहून लहान काढलेलं दिसतच नव्हतं.

"मग बाकीच्या दिवशी?"

"मंडळी बघत्यात. सोमवारी तिला भल्या पहाटं निगून बाजार गाठाय लागतो."

"कधीपासून हे?"

"तीन वर्सं झाली असत्याल."

"आणि डॉक्टर? मिरज काय लांब आहे का?"

"डागदर अनफिट लिवतो, साहेब." त्यांनी सदरा सारखा केला. "फौजेत अनफिट लिवलं की मानूस संपला. डोळा तिचा, सही माजी. पर आकडा खोटा न्हाई."

मी त्या रात्री तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांची नोंद पाहिली. हवालदार माप घेऊन उभे. हवालदारीण जमिनीवर गुडघे टेकून, गाल परातीच्या कडेला लावून नळीत बघतेय.

"घाला. घाला. दमानं. आता थेंबाथेंबानं." आणि मग, "बास!"

मी भिंग लावून पाहिलं. पाणी टोकाला टेकलं होतं, केसभर इकडंतिकडं नाही. मला कॉलेजात हे इतकं नेमकं कधी साधलं नव्हतं. कसं ओळखता म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यात काय? सुईचं एक टोक वर, एक पान्यात. नवरानवरी डोक्याला डोकं लावत्यात तसं दोनी टोकं टेकली की थांबायचं." तिला अक्षरओळख नव्हती. ह्या प्रतिबिंबाच्या युक्तीला आमच्या पुस्तकात पाऊण पान खर्ची पडलं होतं.

साताऱ्याला जाऊन मी साहेबांना सगळं सांगितलं, शहाणं दिसायची हौस बाजूला ठेवून. साहेबांनी वही पुढं ओढली. मग म्हणाले, "सोमवार सोडून बाकीचे सगळे आकडे त्या बाईंचे?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

त्यांच्या निबंधात ह्याच केंद्राचा 'सर्वांत विश्वसनीय' असा उल्लेख तीन ठिकाणी होता. त्यांनी टोपी उचलली आणि म्हणाले, "चला."

साहेबांनी परीक्षा स्वतःच घेतली. पाणी हवालदार ओतणार, साहेब आणि हवालदारीण दोघं बघणार, पंच मी, भिंग घेऊन. साहेब पोट सावरत वाकले. हवालदार माप धरून उभे होते, आणि इतकी वर्षं कधी न हललेली त्यांची मिशी थरथरत होती.

"टेकलं," साहेब म्हणाले.

"आवं न्हाई साहेब," हवालदारीण म्हणाली. "सुतभर हाय अजून."

मी पाहिलं. सुतभर होतं. तीनदा झालं. तिन्ही वेळा ती बरोबर, साहेब दोनदा चुकले. पन्नाशी उलटली तरी चष्मा न लावणारे साहेब उठले, गुडघे झटकले आणि मला म्हणाले, "मिरजेचे ते डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात?" मग वहीत हवालदारांच्या सहीशेजारी त्यांनी एक रेघ आखली आणि तिथं हवालदारणीचा अंगठा घेतला. हवालदारांकडं वळून म्हणाले, "आकडा खोटा नव्हता. मी चुकलो." साहेबांच्या तोंडून 'मी चुकलो' निघालेलं मी तेव्हाच ऐकलं, आणि नंतर कधी नाही.

मिरजेला साहेबांना चष्मा लागला आणि हवालदारांचं ऑपरेशन झालं. हवालदारीण आली नाही. "परात कोन बघंल?" म्हणाली. म्हणून मी आणि ताईनं दवाखान्यात आळीपाळीनं हवालदारांची राखण केली. डोकं हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर हवालदार खाटेवर पडल्या पडल्या सावधान झाले आणि पट्टी निघेपर्यंत विश्राम झालेच नाहीत. मी केंद्रावर गेलो तर खोलीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढलेल्या. दिवसाची एक ओळ, मापाची एक रेघ. मी त्या वहीत उतरवून घेतल्या. महिनाभरानं पुन्हा मिरजेला जाऊन हवालदारांनी जाड भिंगांचा चष्मा आणला आणि मला हायसं वाटलं.

पंधरा दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. समोर वही होती.

"सोमवार सुधारला," ते म्हणाले. "पण आता बाकीचे सहा दिवस बिघडलेत. एक दिवस पाणी जास्त, दुसऱ्या दिवशी कमी. म्हैस तर नसेल?"

मी पुन्हा मुक्कामाला गेलो. सकाळी साडेआठला जांभळीखाली उभा राहिलो. चष्मा लावलेले हवालदार माप घेऊन आले. हवालदारीण सवयीनं परातीला गाल लावून बसली.

"घाला. दमानं. बास!" पाणी पडतच होतं. "आवं बास! बास म्हनते न्हवं!"

तिच्या पदराला पाणी लागलं तेव्हा कुठं ते थांबले. मी पुढं गेलो. "हवालदार, आता तर दिसतंय ना सुईचं टोक?"

"दिसतंय की साहेब. लख दिसतंय."

"मग?"

"त्यांचं चित्त हाय कुटं सुईवर?" हवालदारीण पदर पिळत कडाडली. "सोमवारी मी नसते तवा बराबर लिवत्यात. मी असले की माज्याकडंच बघत ऱ्हात्यात, खुळ्यागत."

हवालदारांनी माप खाली ठेवलं. सावधान नव्हते ते, पहिल्यांदाच.

"साहेब," ते म्हणाले, "तीन वर्सं रोजचा रिपोर्ट लिवला. ऊन लिवलं, पाऊस लिवला, वाफ लिवली. पर हिचं केस समदं पांढरं झाल्यात, हे मला कुनी कळवलंच न्हाई."

हवालदारणीनं पटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आत निघून गेली. परातीतलं पाणी अजून हलत होतं.

साताऱ्याला मी साहेबांना जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी नवा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे किती दिवस चालेल?"

"सांगता येत नाही, साहेब."

त्यांनी पेन्सिलीनं त्या पंधरा दिवसांच्या आकड्यांवर, सोमवार सोडून, एक हलकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'हे वापरू नयेत.' कारणाचा रकाना कोराच ठेवला. मग वही मिटली. निबंधाचे कागद टेबलावर तसेच पसरलेले होते. बाहेर अजून ऊन होतं.

त्या दिवशी साहेब पाच वाजता घरी गेले.